साखरपुडा झाला, लग्न कधी?

माझी भाची बडोद्याला नववीत शिकते. घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी, असा तिचा तीन भाषांचा कारभार. गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊला तिचा फोन आला.

"मावशी, शाळेत नऊ तारखेला भाषण आहे. आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी दिन. पाच मिनिटं बोलायचंय. तू लिहितेस ना, मग काहीतरी सांग."

मी सुरू केलं, "लाच देणं आणि घेणं दोन्ही वाईट..."

"ते सगळेच बोलणार गं. मला हे सांग, नऊ डिसेंबरच का?"

मला माहीत नव्हतं. "उद्या सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. मग वाचायला बसले. मंडळी, त्या पाच मिनिटांच्या भाषणासाठी मी तीन रात्री वाचत होते. त्यातलं तिला जेवढं सांगितलं, त्याहून थोडं जास्त आज तुम्हाला सांगते.

नऊ डिसेंबरच का?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ३१ ऑक्टोबर २००३ रोजी भ्रष्टाचाराविरुद्धचा एक करार मंजूर केला. ८ प्रकरणं, ७१ कलमं. लाच, सरकारी पैशाचा अपहार, काळा पैसा पांढरा करणं, तक्रार करणाऱ्याचं संरक्षण, परदेशात नेलेला पैसा परत आणणं, असं सगळं त्यात आहे. त्यावर सह्या करण्यासाठी मेक्सिकोतल्या मेरिदा या शहरात देशोदेशीचे प्रतिनिधी जमले. तो दिवस होता ९ डिसेंबर २००३. म्हणून हा दिवस.

हे भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनी सही केली आणि करार लागू झाला?"

इथेच खरी गंमत आहे. नाही झाला.

साखरपुडा, लग्न आणि संसार

मी तिला आपल्या घरातलं उदाहरण दिलं. आंतरराष्ट्रीय करारावर सही करणं म्हणजे साखरपुडा. चारचौघांत सांगितलं, पेढे वाटले, फोटो काढले. शब्द दिलाय, तेव्हा त्या शब्दाला तडा जाईल असं वागायचं नाही, एवढं बंधन येतं. पण अजून लग्न लागलेलं नाही.

लग्न लागतं ते 'अनुसमर्थन' दिल्यावर. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. देश आपल्या घरी परत येतो, आपल्या राज्यघटनेप्रमाणे संसदेची किंवा मंत्रिमंडळाची मान्यता घेतो, गरज असेल तिथे कायदे बदलतो आणि मग संयुक्त राष्ट्रांकडे लेखी कळवतो, की हा करार आता आम्हाला बंधनकारक आहे. त्यानंतर माघार घेणं सोपं नसतं.

आणि त्यापुढचा टप्पा संसाराचा. करारात लिहिलंय तसं रोज वागणं. लग्नात हजार माणसं येतात, संसार मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो.

या करारात अट होती, की ३० देशांनी अनुसमर्थन दिलं की ९० व्या दिवशी तो लागू होईल. त्याला २००५ चा १४ डिसेंबर उजाडला. म्हणजे मेरिदातल्या सह्यांनंतर दोन वर्षं.

अकरा वर्षांचा साखरपुडा

काही देशांनी मात्र साखरपुडा उरकून लग्न लांबणीवर टाकलं. आणि ते देश कोणते, हे वाचून मी चकित झाले.

जर्मनीनं पहिल्याच दिवशी, ९ डिसेंबर २००३ ला, सही केली होती. अनुसमर्थन दिलं १२ नोव्हेंबर २०१४ ला. मध्ये जवळजवळ अकरा वर्षं गेली. न्यूझीलंडचं नाव स्वच्छ कारभारासाठी नेहमी वर असतं, त्यांनाही २०१५ चा डिसेंबर लागला. जपाननं २००३ मध्ये सही केली आणि सोबतचे कायदे संसदेत अडकत अडकत २०१७ मध्ये काम पूर्ण केलं.

जर्मनीचं घोडं कुठे अडलं होतं? करारात लाच घेणाऱ्या 'सार्वजनिक अधिकाऱ्या'ची जी व्याख्या आहे, तिच्यात खासदारही येतात. जर्मनीतल्या तेव्हाच्या कायद्यात खासदाराचं मत विकत घेणं किंवा विकणं हा गुन्हा होता, पण त्यापलीकडे त्याला खूश करून काम करून घेतलं, तर त्या कायद्यात ते बसत नव्हतं. करार मान्य करायचा तर हा कायदा कडक करायला हवा होता. आणि कायदा कोण करणार? तेच खासदार. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, आणि तीही मांजरांनीच!

मग ती बांधली कशी? भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणारी ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल ही संस्था बर्लिनमध्येच आहे, १९९३ पासून. तिनं आणि तिच्यासारख्या इतरांनी हा विषय थंड पडू दिला नाही. पण मला सगळ्यात आवडलं ते २०१२ मधलं एक पत्र. जर्मनीतल्या बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनीच संसदेतल्या पक्षनेत्यांना लिहिलं, की हा करार मान्य करा, नाहीतर जगात आपल्या देशाचं नाव खराब होतंय. ज्या देशात परदेशी अधिकाऱ्यांना दिलेली लाच १९९९ पर्यंत धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येत होती, त्या देशातल्या कंपन्यांनी हे लिहावं, याला महत्त्व आहे. शेवटी २०१४ मध्ये खासदारांनी स्वतःसाठीचा कायदा कडक केला आणि त्यानंतर अनुसमर्थन दिलं.

भाचीनं विचारलं, "पण देशावर जबरदस्ती कोण करतं? जगाचे पोलीस असतात का?"

नसतात. कोणत्याही देशाला करार मान्य करायला कुणी भाग पाडू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांकडे फक्त एक यादी असते. देशाचं नाव, सहीची तारीख, अनुसमर्थनाची तारीख. ज्यांनी नुसती सही केली, त्यांची दुसरी जागा रिकामी दिसते, साऱ्या जगाला. आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांनी भल्याभल्यांना वळणावर आणलंय. देशांनाही ते लागू पडतं. फक्त तो प्रश्न कुणीतरी सतत, न कंटाळता विचारत राहावा लागतो. पत्रकार विचारतात, संस्था विचारतात, शेजारचे देश विचारतात, कधी कंपन्याही विचारतात. आज सुमारे १९० देश या करारात आहेत. पॅसिफिक महासागरातली नियूसारखी, दोन हजारांच्या आत वस्ती असलेली बेटंसुद्धा त्यात आली.

एवढ्या बेटांपर्यंत पाठपुरावा कशाला?

मलाही आधी हाच प्रश्न पडला. दोन हजार वस्तीच्या बेटानं करार मान्य केला काय, न केला काय!

पण विचार करा. घराला दहा दारं आहेत. नऊ दारांना तुम्ही भक्कम कुलपं लावलीत आणि दहावं उघडं ठेवलंत, तर चोर कुठून जाईल? लुटलेला पैसा नेहमी उघड्या दाराकडे जातो. पैसा एका देशातून लुटायचा, दुसऱ्या देशातल्या बँकेत ठेवायचा, तिसऱ्या देशात कागदावरची कंपनी काढायची, हीच तर पद्धत असते. म्हणून दहावं दारही महत्त्वाचं.

फिलिपिन्सचं उदाहरण घ्या. हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस १९८६ मध्ये देश सोडून पळाला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडनं तिथल्या बँकांमधली त्याची खाती गोठवली. म्हणजे पैसा सापडला होता, कुणाचा आहे ते कळलं होतं. तरी दोन्ही देशांतल्या कोर्टकचेऱ्या संपून ते ६५ कोटींहून अधिक डॉलर फिलिपिन्सच्या तिजोरीत जमा व्हायला २००४ उजाडलं. अठरा वर्षं! मार्कोस पळाला तेव्हा जन्मलेलं मूल तोवर मतदार झालं.

या करारानं तो रस्ता जरा सरळ केला. चोरीचा पैसा मूळ देशाला परत करणं हे करारातलं एक मूलभूत तत्त्व आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. दोन देशांमध्ये वेगळा करार नसला, तरी याच कराराच्या आधारे तपासात एकमेकांची मदत मागता येते. आणि 'आमच्या बँकेची माहिती गुप्त असते' हे कारण सांगून ती मदत नाकारता येत नाही. पण हे सगळं मिळतं ते लग्न लागलेल्यांना. नुसता साखरपुडा झालेल्यांना नाही.

नायजेरियाचा लष्करशहा सानी अबाचा १९९८ मध्ये मेला. त्याच्या काळात लुटलेला पैसा अजूनही हप्त्याहप्त्यानं परत येतोय. स्वित्झर्लंडहून आलेले सुमारे ३२ कोटी डॉलर गरीब कुटुंबांना थेट मदत म्हणून वाटायचे ठरले आणि त्यावर जागतिक बँकेनं देखरेख ठेवायची असा करार २०१७ मध्ये झाला. २०२० मध्ये जर्सी बेटावरच्या खात्यांमधले ३१ कोटींहून अधिक डॉलर मिळाले. जर्सी हे इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधलं एक लहानसं बेट. बघा, लहान बेटं का महत्त्वाची ती! तो पैसा दोन मोठे रस्ते आणि नायजर नदीवरचा नवा पूल यांच्यासाठी लावायचा असं ठरलं. असाबा आणि ओनित्शा या दोन गावांना जोडणारा तो पूल आता वाहता आहे.

पहिला आला, पण...

आता तुम्ही म्हणाल, चला, अनुसमर्थन दिलं की सुटलो. तसंही नाही.

जगात या कराराला सर्वात आधी अनुसमर्थन कुणी दिलं, ठाऊक आहे? केनियानं. मेरिदात, सही केली त्याच दिवशी. सकाळी साखरपुडा, संध्याकाळी लग्न! तिथे नवं सरकार भ्रष्टाचार संपवण्याचं वचन देऊनच निवडून आलं होतं. जॉन गिथोंगो नावाच्या तरुण पत्रकाराला सरकारनं खास या कामासाठी अधिकारी नेमलं होतं.

पुढच्याच वर्षी 'अँग्लो लीजिंग' प्रकरण बाहेर आलं. अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांना सरकारी कंत्राटं दिली गेली होती. गिथोंगो तपास करत गेले, तेव्हा माग आपल्याच सरकारातल्या मोठ्या लोकांपर्यंत पोहोचला. जिवाला धोका वाटू लागला. २००५ च्या सुरुवातीला त्यांनी लंडनहून राजीनामा पाठवला आणि तिथेच राहिले. अनुसमर्थनात जगात पहिल्या आलेल्या देशात खरं बोलणाऱ्या माणसाला देश सोडावा लागला.

हे ऐकून भाची जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि आपण?"

आपला संसार

भारतानं सही केली ९ डिसेंबर २००५ ला. अनुसमर्थन दिलं मे २०११ मध्ये. साडेपाच वर्षं गेली. तुम्हाला तो काळ आठवत असेल. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीला जंतरमंतरवर लोकपालासाठी उपोषणाला बसले होते. त्यानंतर महिन्याभरात भारताचं अनुसमर्थन संयुक्त राष्ट्रांत दाखल झालं.

त्यानंतर काही चांगल्या गोष्टी झाल्या. लोकपाल कायदा झाला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये बदल झाले. आणि काही गोष्टींत तर आपण आधीच पुढे होतो. लोकायुक्त नेमणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, तो कायदा १९७१ चा. माहितीचा अधिकारही देशाचा कायदा २००५ मध्ये येण्याआधी महाराष्ट्रात आलेला होता.

पण काही वचनं अजून बाकी आहेत. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणं हा गुन्हा ठरवा, असं करार सांगतो. त्यासाठीचं विधेयक २०११ मध्ये लोकसभेत आलं आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बुडालं. तसा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.

दुसरं वचन मला जास्त टोचतं. तक्रार करणाऱ्याचं रक्षण करण्याचं.

सत्येंद्र दुबे हे नाव आठवतं? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात इंजिनिअर होते. सुवर्ण चतुष्कोण रस्त्याच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट खाली फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्यांना गोळी घालून मारलं. मेरिदातल्या सह्यांच्या बारा दिवस आधी. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी माहितीचा अधिकार वापरून जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांची हत्या झाली.

दुबे गेल्यावर, २००४ मध्ये, केंद्र सरकारनं एक ठराव केला आणि केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करण्याची सोय झाली. नंतर २०१४ मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा पूर्ण कायदा संसदेनं मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली. पण तो लागू करण्याची तारीख काही जाहीर झाली नाही. एक दशक उलटून गेलं. हाही एक साखरपुडाच म्हणायचा.

पाचशे रुपये

इथवर आल्यावर भाचीनं तो प्रश्न विचारला, ज्यामुळे मी हा लेख लिहायला बसले.

"मावशी, तू कधी लाच दिली आहेस?"

दिली आहे.

काही वर्षांपूर्वी बाबा गेले. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद एका कचेरीत होते. मी चार खेपा घातल्या. दर वेळी एकच उत्तर, "कागद पूर्ण आहेत, साहेबांची सही व्हायची आहे." पाचव्या खेपेला बाहेर झेरॉक्सच्या टपरीजवळ एक माणूस आला. "ताई, पाचशे लागतील, आजच होईल." आई सोबत होती, उन्हात बाकावर बसलेली. मी पाचशेची नोट दिली. वीस मिनिटांत सही झाली. रिक्षात आईनं विचारलं, "झालं का गं आज?" मी म्हटलं, "हो, साहेब भेटले." तिला आजही ठाऊक नाही.

"तक्रार का नाही केलीस?"

"फाईल अडली असती तर? आजीचे पैसे थांबले असते."

"म्हणजे तू घाबरलीस."

हो, घाबरले. आणि या तीन रात्रींच्या वाचनात मला आणखी एक गोष्ट कळली. २०१८ च्या बदलानंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र कुणी लाच द्यायला भाग पाडलं असेल आणि आपण सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे तक्रार केली, तर आपल्यावर गुन्हा येत नाही. आधीच कळवून सापळ्यात मदत केली, तरीही नाही. माझ्या वेळीही हाच कायदा होता. ते सात दिवस माझे होते आणि मला ते ठाऊकच नव्हते.

म्हणून तुम्हाला सांगते, लिहून ठेवा. सात दिवस. महाराष्ट्रात असाल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या विभागाचा क्रमांक आजच शोधून मोबाईलमध्ये ठेवा, गरज पडण्याआधी. आणि फाईल नुसतीच अडकली असेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून 'माझी फाईल सध्या कुणाच्या टेबलावर आहे आणि किती दिवसांपासून' एवढं विचारा. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी फी दहा रुपये. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. अनेकदा उत्तर येण्याआधी फाईलच हलते.

देशांना करार मान्य करायला लावणं हे मोठ्या लोकांचं काम वाटतं. पण जर्मनीत ते अकरा वर्षांनी झालं, कारण विचारणारे थकले नाहीत. आपल्या देशाचं लग्न २०११ मध्येच लागलंय. आता विचारायचं ते संसाराबद्दल. तुमचे खासदार एखाद्या कार्यक्रमात भेटले, तर एक सेल्फी कमी काढा आणि विचारा, "२०१४ चा तक्रारदार संरक्षण कायदा लागू कधी होणार?" एवढंच वाक्य. तो कायदा नीट लागू झाला, तर टपरीपाशी उभ्या असलेल्या माझ्यासारख्या बाईला 'नाही देत' म्हणायला थोडं बळ मिळेल.

भाचीचं भाषण झालं. फोन आला तेव्हा मी विचारलं, "काय बोललीस शेवटी?"

"तुझीच गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं. फक्त 'माझ्या एका नातेवाईक बाई' म्हटलं."

"मग?"

"सरांनी विचारलं, आता त्या काय करणार? मी म्हटलं, विचारून सांगते."

मी तिला सांगितलं, की पुढच्या रविवारी आईकडे जाणार आहे. आधी तिला त्या दिवशीचं खरं सांगणार आहे.